नावाची नोंद

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्यासाठी मंडळाने मला बोलावले. चिटणीसबाईंनी पत्रातून विषयही नेमून दिला होता. ‘स्त्रियांच्या उन्नतीचे काम आयुष्याचा व्यवसाय म्हणून करता येते का, आणि त्यात नेमके करायचे काय असते, हे आमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींना सांगा,’ असे त्यांनी लिहिले होते. विषय मला आवडला. ‘सामाजिक विकास’, ‘स्त्री-पुरुष समानतेचे धोरण’ हे शब्द आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतो. परंतु हे काम करणारी बाई सकाळी कचेरीत जाऊन करते काय, असे कुणी विचारले तर उत्तर चटकन देता येत नाही. डॉक्टरीण रोगी तपासते, शिक्षिका धडा शिकवते, वकीलबाई दावा चालवते. मग धोरणाचे काम करणारी काय करते?

माझी नोकरी एकात्मिक बालविकास योजनेत मुख्य सेविका म्हणून झाली. वीस-पंचवीस अंगणवाड्या पाहायच्या, रजिस्टरे तपासायची आणि घरोघर जायचे, असे ते काम. त्या अनुभवाने मी या प्रश्नाचे उत्तर अगदी साधे देते. ती नोंद करते. जी स्त्री कोणत्याच वहीत नाही तिचे नाव ती वहीत आणते, आणि वहीत आलेले नाव नुसते कागदावर राहू नये म्हणून त्याच्या मागे लागते. कायदे, योजना, परिषदा, अहवाल यांचा सारा पसारा या दोन गोष्टींसाठीच असतो.

नोंदीचे महत्त्व मंगळवेढेकरांना मी सांगावे असे मुळीच नाही. दामाजीपंतांची कथा येथे लहान मुलालाही पाठ असते. दुष्काळात पंतांनी सरकारी कोठारे रयतेला खुली केली, बेदरच्या बादशहाचा कोप झाला, आणि पंढरीच्या पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन सगळ्या धान्याची रक्कम दरबारात भरली, अशी ती कथा. तिच्यातील एक बारकावा मला फार आवडतो. रक्कम भरल्यावर विठू तसाच परतला नाही, त्याने दरबारातून रसीद लिहून घेतली. प्रत्यक्ष देवानेसुद्धा पावती घेतली! कनवाळूपणा हवाच. पण केलेल्या कामाचा कागद हाती नसेल तर उद्या कोणीही ते काम नाकारू शकतो, हे त्या कथेला पक्के ठाऊक आहे. आपण बायकांनी मात्र जन्मभर कामे केली आणि पावती कधी मागितली नाही.

अंगणवाडीच्या सर्वेक्षणासाठी मी दारोदार हिंडत असे तेव्हाचे सांगते. कागदावर एक रकाना असे, ‘व्यवसाय’. बाईला विचारले की ठरलेले उत्तर येई : ‘काय न्हाई बाई, घरीच असती.’ हे सांगताना तिच्या डोक्यावर पाण्याची घागर असे, काखेत मूल असे, आणि ज्वारीची काढणी चालू असल्याने हातांवर ओरखडे असत. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा अभिमान आपल्या सर्वांना आहे. पण ती ज्वारी पेरताना, भांगलताना, काढताना, कणसे मोडताना आणि कडब्याच्या पेंढ्या बांधताना ज्या हातांनी काम केले, त्यांतले निम्मे हात ‘काही करत नाही’ या रकान्यात बसतात. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर पाहणी करून माणसाचा दिवस कसा खर्च होतो ते मोजले. घरातील बिनमोबदल्याचे काम करणारी स्त्री त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे घालवते आणि असे काम करणारा पुरुष ९७ मिनिटे, असे तीत दिसले. म्हणजे बाईचे पाच तास आणि पुरुषाचा दीड तास. हे आपल्याला आधीच माहीत होते, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण आपल्याला माहीत असणे वेगळे आणि सरकारच्या वहीत असणे वेगळे. वहीत नसलेल्या गोष्टीसाठी पैसा मंजूर होत नाही.

आता हे काम कुणी कुणी केले ते पाहू.

पहिले नाव रमाबाई रानड्यांचे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावची ही कुर्लेकरांची मुलगी. १८७३ साली अकराव्या वर्षी तिचे लग्न न्यायमूर्ती रानड्यांशी झाले, आणि लग्नानंतर, घरातील बायकांचा रोष सोसून, ती लिहायला-वाचायला शिकली. १९०१ साली न्यायमूर्ती वारले. पुढे १९०९ मध्ये रमाबाईंनी पुण्यात आपल्या राहत्या घरी सेवासदन सुरू केले. विधवा आणि निराधार बायकांना तेथे शिक्षिका आणि परिचारिका होता आले. आपल्या सोलापुरातही सेवासदनाची शाळा आहे, तिचे नाव तुम्ही ऐकले असेलच.

रमाबाईंच्या एका कामाची आठवण आपण फारशी ठेवत नाही. १९१८ साली मुंबई इलाख्यात कायदा होऊन नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. पुण्यात प्रश्न निघाला की ही सक्ती मुलांपुरती ठेवायची की मुलींनाही लावायची? पैसा थोडा आहे, आधी मुलांचे होऊ द्या, मुलींचे पुढे बघू, असे म्हणणारी मोठमोठी माणसे होती. तेव्हा रमाबाई आणि त्यांच्या सहकारी भगिनी १९२० साली मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरल्या. आज आपल्याला मोर्चाचे काही वाटत नाही, पण त्या काळी कुलीन स्त्रियांनी भर रस्त्याने चालत जाणे ही सोपी गोष्ट नव्हती.

मुलींनो, हा प्रसंग नीट ध्यानात ठेवा. स्त्रियांना तोंडावर ‘नाही’ असे फारसे कोणी म्हणत नाही. ‘पुढे बघू’ असे म्हणतात. घरात म्हणतात, पंचायतीत म्हणतात, मंत्रालयातही म्हणतात. ज्या यादीला ‘मुले’ असा मथळा आहे तिच्यात मुली धरल्या आहेत की नाहीत, हे विचारणारी एक तरी बाई तेथे हजर असावी लागते. धोरणाच्या कामाची सुरुवात या प्रश्नापासून होते.

दुसरे नाव दुर्गाबाई देशमुखांचे. या जन्माने आंध्रच्या, राजमहेंद्रीच्या. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ च्या जानेवारीत त्यांच्याशी विवाह होऊन त्या महाराष्ट्राच्या सूनबाई झाल्या. लहानपणापासून मोठ्या करारी. १९२३ साली काकीनाड्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. तेथील प्रदर्शनाच्या दारावर ही चौदा वर्षांची मुलगी स्वयंसेविका होती. तिकिटावाचून कुणाला आत सोडायचे नाही, असा तिला हुकूम. पंडित जवाहरलाल नेहरू आले, त्यांच्याजवळ तिकीट नव्हते. तिने त्यांनाही अडवले, आणि तिकीट आणून दिल्यावरच आत सोडले. नियम सर्वांना सारखा, हे शिक्षण तिला कोणी पुस्तकातून दिले नव्हते.

हीच मुलगी पुढे घटना समितीची सभासद झाली, १९५२ मध्ये नियोजन मंडळावर गेली, आणि १९५३ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याची पहिली अध्यक्षा झाली. आपल्यासारख्या महिला मंडळांचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. शिवणवर्ग, बालवाडी, प्रसूतिसेवा अशी कामे करणाऱ्या गावोगावच्या संस्थांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत या मंडळाने घालून दिली. तोवर बायकांच्या संस्था म्हणजे हळदीकुंकवाची हौस, अशी समजूत होती. दुर्गाबाईंनी त्यांना देशाच्या योजनेत जागा दिली. १९५८ मध्ये त्यांच्या मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. लहानपणी शाळा सुटलेल्या, टाकलेल्या, विधवा झालेल्या बायकांनी दोन-तीन वर्षांत परीक्षेची तयारी करावी आणि ग्रामसेविका, शिक्षिका, परिचारिका व्हावे, अशी ती योजना. शाळेचे वय उलटलेल्या बाईसाठी तोवर कोणत्याच खात्यात रकाना नव्हता. तो दुर्गाबाईंनी आखला. कुटुंबातील कलहांसाठी वेगळी न्यायालये असावीत असे त्या सांगत राहिल्या, आणि त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, तसा कायदा झाला. समाजकल्याण मंडळ केंद्र सरकारने २०२२ साली बंद केले. संस्था येतात आणि जातात. त्यांनी आखलेला रकाना मात्र सहसा पुसला जात नाही.

तिसरी गोष्ट एका समितीची. १९७१ मध्ये केंद्र सरकारने स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्षा फुलरेणू गुहा, आणि पुढे सदस्य-सचिव वीणा मजुमदार. ही मंडळी राज्याराज्यांतून फिरली, हजारो स्त्रियांना भेटली, आणि ‘समानतेकडे’ अशा अर्थाच्या नावाचा अहवाल त्यांनी १९७५ च्या आरंभी सरकारला दिला. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली होती, बाई पंतप्रधान होती, तेव्हा सगळे ठीक चालले असेल असा सर्वांचा समज. अहवालाने तो समज मोडला. १९०१ साली दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, त्या १९७१ मध्ये ९३० राहिल्या होत्या. हे आकडे काही गुप्त नव्हते. दर दहा वर्षांनी जनगणनेत छापले जात होते. ते एका ओळीत मांडून ‘या बायका गेल्या कुठे?’ असे विचारण्याचे काम तेवढे राहिले होते.

या प्रश्नाचा पुढचा भाग आपल्या मराठी भगिनीने हाताळला. लीला दुबे, माहेरच्या आंबर्डेकर, या मानवशास्त्राच्या थोर अभ्यासक होत्या. १९८० नंतर गर्भजलपरीक्षा करून मुलीचा गर्भ पाडण्याचे प्रकार वाढले. तेव्हा काही शहाणी माणसे म्हणू लागली की, मुली कमी झाल्या म्हणजे त्यांची किंमत आपोआप वाढेल, मग हुंडाही जाईल. लीलाबाईंनी त्याला स्पष्ट उत्तर दिले. बाई ही बाजारातील वस्तू नव्हे, ती दुर्मिळ झाली तर तिचा मान वाढणार नाही, तिच्यावरील जुलूम वाढेल. १९८८ साली महाराष्ट्राने अशा चाचण्यांना आळा घालणारा कायदा देशात प्रथम केला, आणि १९९४ मध्ये केंद्राने केला. तरीही आपल्या राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. म्हणून मी मघा म्हटले की, नोंद झाल्यावर तिच्या मागे लागावे लागते. कायदा हे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे गावात, दवाखान्यात आणि आपल्या घरात होते किंवा होत नाही.

आता आपल्या मुलखाकडे येते. १९७२ चा दुष्काळ येथील वडीलधाऱ्या बायांना आठवत असेल. खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली, रस्ते केले. विधान परिषदेचे त्या वेळचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली होती, ती त्या वेळी राज्यभर पसरली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम, हे सूत्र. पुढे २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्यात निदान एक तृतीयांश काम स्त्रियांना मिळाले पाहिजे असे घातले. या योजनेचे वर्णन दुष्काळाचे काम म्हणून नेहमी केले जाते. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. घरच्या रानात बाई दिवसभर राबते, पण ते ‘मालकाचे शेत’ असते. रोजगार हमीच्या मस्टरवर तिच्या नावाची स्वतंत्र ओळ आली. किती खोदले त्याचे माप, आणि मापाप्रमाणे मजुरी. बाई म्हणून दर कमी नाही. कित्येक जणींच्या आयुष्यात आपले नाव सरकारी कागदावर प्रथम लिहिले गेले ते त्या मस्टरवर.

आपली माण नदी जिथून येते त्या वरच्या अंगाला म्हसवड गाव आहे. तेथे चेतना गाला सिन्हा यांनी गावच्या बायकांना घेऊन बँक काढायचे ठरवले. मजूर बायांचे पाच-दहा रुपये शिलकीला ठेवून घ्यायला कोणी तयार नव्हते. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला तो परत आला, कारण प्रवर्तक बायांनी सह्यांऐवजी अंगठे उठवले होते. बाया खचल्या नाहीत. त्या लिहायला शिकू लागल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला लिहिता येत नव्हते कारण गावात शाळा नव्हती, पण हिशेब येतो, म्हणाल त्या रकमेचे व्याज तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांनीही यंत्रावाचून सांगावे, असे त्यांचे म्हणणे. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. सरकारी नोकरीत नसलेली बाई धोरण कसे वळवते, त्याचे हे उदाहरण आपल्या शेजारचे आहे.

दुसरे उदाहरण दुःखाचे आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या बायकांचे गर्भाशय तरुण वयातच काढून टाकले जाते, अशा बातम्या २०१९ मध्ये आल्या. शासनाने समिती नेमली आणि ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. विचार करा, भगिनींनो. या बायका वर्षातले सहा महिने गावाबाहेर, कोपीत. गावची अंगणवाडी त्यांना स्थलांतरित म्हणते, कारखान्याकडचे गाव परके म्हणते, आणि मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईची स्वतंत्र नोंद कुठेच नाही, म्हणून तिचे दुखणे इतकी वर्षे कुणाला दिसले नाही. मोजल्यावर दिसले. मग त्या जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल, असा नियम झाला. आपल्या तालुक्याच्या कोरडवाहू गावांतूनही माणसे पोटासाठी बाहेर जातात. त्यांच्या बायकांची वही कोण ठेवते, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते.

आता सर्वांत अवघड विषयाला हात घालते, तो म्हणजे जमीन. देशाच्या २०१५-१६ च्या कृषिगणनेत शंभर वहिवाटींपैकी सुमारे चौदाच स्त्रियांच्या नावे निघाल्या. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिलांचे मोठे अधिवेशन झाले, आणि पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. गावातील शंभर शेतकऱ्यांनी काही जमीन बायकोच्या नावे केली की ते गाव लक्ष्मीमुक्त. कित्येक गावांनी ते करून दाखवले. २२ जून १९९४ रोजी महाराष्ट्राने आपले पहिले महिला धोरण जाहीर केले. त्याच वर्षी वारसा कायदा दुरुस्त करून मुलीला वडिलार्जित एकत्र मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क दिला. २००५ मध्ये केंद्राने तो देशभर दिला, आणि हा हक्क जन्मानेच मिळतो असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी निःसंदिग्ध सांगितले.

कायदा असा स्वच्छ आहे. मग तलाठ्याच्या चावडीवर काय होते? वडील वारले, वारसनोंद झाली, बहिणींची नावे लागली, आणि महिनाभरात भाऊ हक्कसोडपत्र घेऊन येतो. ‘ताई, एवढी सही कर, साडीचोळी काय कमी पडू देणार आहे का?’ बहीण सही करते. तिला जमीन नको असते असे नाही, तिला माहेर हवे असते. सही नाकारली तर पंचमीला न्यायला कोण येईल, ही धास्ती. येथे बसलेल्या बंधूंना मी हात जोडून विचारते : बहिणीच्या मायेची किंमत तिच्या सहीने का लावायची? आणि भगिनींना सांगते, माहेर तोडा असे माझे म्हणणे नाही. पण सही करण्यापूर्वी कागद पूर्ण वाचा, आठ दिवस थांबा, मंडळातील एखाद्या जाणत्या बाईला दाखवा. त्यानंतर तुम्ही दिलात तर ते तुमचे दान. न वाचता अंगठा उठवला तर त्याला दान म्हणत नाहीत.

मला ठाऊक आहे की कोणी म्हणेल, नावे लागून काय होते? सरपंच बाई आणि कारभार नवऱ्याचा, असे आपण पाहतोच. १९९३ मध्ये घटनादुरुस्तीने पंचायतीत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या. पहिल्या वेळी कितीतरी जणी पदराआड बसल्या, हे खरे आहे. परंतु खुर्ची होती म्हणूनच दुसऱ्या वेळी त्या बोलू लागल्या. नोंदीने सारे होत नाही. पण नोंदीवाचून सुरुवातही होत नाही.

आता मुलींसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. या कामाचे रीतसर शिक्षण मिळते. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासून आहे, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून आहे. मुंबईच्या एस. एन. डी. टी. विद्यापीठात स्त्रियांच्या अभ्यासाचे संशोधन केंद्र १९७४ साली निघाले. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन महिला व बालविकास खात्यात अधिकारी होता येते. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे आणि ते बचत गटांत काम करते, ‘उमेद’ अभियान आहे, राज्य महिला आयोग १९९३ पासून आहे. अंगणवाडी सेविका होण्यापासून तो दिल्लीला अहवाल लिहिण्यापर्यंत पायऱ्या पुष्कळ आहेत.

पण गोड बोलून मी तुम्हाला फसवणार नाही. यातल्या पुष्कळ जागा कंत्राटी असतात, आणि अंगणवाडी सेविकेला पगार नव्हे तर मानधन मिळते. जी बाई इतरांच्या कामाची नोंद ठेवते, तिचेच काम अर्धे मोजले जाते, ही आपल्या व्यवस्थेतील मोठी विसंगती आहे. एस. टी. चुकते, गावात कुणी दार लावून घेते, वरिष्ठ ‘बाई, आकडे तेवढे भरून टाका’ म्हणतात. मलाही एका साहेबांनी एकदा तसे सांगितले होते. मी भरले नाहीत. एका वाडीसाठी दोन दिवस जास्त लागले, पण त्या दोन दिवसांत वजन घटलेली चार मुले सापडली. आकडे बसल्या जागी भरले असते तर वही पूर्ण दिसली असती आणि ती मुले तशीच राहिली असती. या कामाला लागणारी हुशारी पुष्कळांजवळ असते. दोन दिवस जास्त लागू देण्याचा धीर मात्र थोड्यांजवळ असतो. तो ज्या मुलीजवळ आहे तिने या वाटेला यावे.

शेवटी मंडळाला एक विनंती. वर्धापनदिनाला नवा संकल्प सोडायची आपली रीत आहे. या वर्षी एक जाड वही घ्या. प्रत्येक सभासद भगिनीच्या नावाने एक पान. त्यावर चारच प्रश्न लिहा. घराच्या उताऱ्यावर तुझे नाव आहे का? राज्य शासनाने २००३ सालीच घराची नोंद पतिपत्नी दोघांच्या नावे करण्यास सांगितले आहे. सातबाऱ्यावर आहे का? बँकेत तुझे स्वतःचे खाते आहे का, आणि ते तू स्वतः चालवतेस का? मुलांच्या दाखल्यावर आईचे नाव आहे का? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावणे राज्याने सक्तीचे केले आहे, पण त्याआधीच्या मुलांच्या आयाही आयाच आहेत. जिथे ‘नाही’ असेल तिथे मंडळाच्या दोघी-तिघींनी तिच्याबरोबर चावडीवर, पंचायतीत, बँकेत जावे. एकटीला ‘पुढे बघू’ म्हणणे सोपे असते. चौघी समोर बसल्या की साहेब रजिस्टर उघडतात. पुढील वर्धापनदिनाला किती पाने भरली ते सभेत वाचून दाखवा. मुंबई-दिल्लीला जे धोरण होते त्याचा कच्चा मालही असाच कुणीतरी वहीत उतरलेला असतो.